अंथरूण धरणे, अंथरूण सोडणे

बिबवेवाडीत आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ व्हेंटिलेटरवर होते. त्यांच्या पत्नीने मला विचारले, "सर, यांचा श्वास नळीवर चाललाय आणि ती फिजिओथेरपीची मुलगी यांना पलंगाच्या कडेला बसवते. अशा माणसाला कुणी हलवतं का हो?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. या प्रश्नालाही एक इतिहास आहे, हे पुढे वाचताना कळले.

मराठीत आजारी माणूस 'अंथरूण धरतो' आणि दुखणे लांबले की 'अंथरुणाला खिळतो'. पहिल्या क्रियापदात आसरा आहे, दुसऱ्यात कैद. आसऱ्याची कैद केव्हा होते, हे वैद्यकशास्त्राला उशिरा उमगले. रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९४७ साली पडून राहण्याचे धोके मांडले: शय्याव्रण, रक्ताच्या गुठळ्या, झिजणारे स्नायू.

त्याच वर्षी मुंबईत फातिमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. १९५३ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. तिकडे कोपनहेगनमध्ये १९५२ च्या पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांच्या पद्धतीने श्वासनलिकेत नळी घालून, हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला गेला. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळीपाळीने हे काम करीत. आजचा अतिदक्षता विभाग त्यातूनच उभा राहिला. श्वास उसना देणे आणि हातापायांत बळ आणणे, या दोन्ही विद्यांना पोलिओनेच असे बळ दिले.

पुढे मात्र त्यांची ताटातूट झाली. रुग्णाने यंत्राशी झगडू नये म्हणून त्याला गुंगीत ठेवण्याची रीत रूढ झाली. माणसे वाचू लागली, पण अनेकांना घरी गेल्यावर उठून उभे राहणेही जमेना. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये व्हेंटिलेटरवरील १०४ रुग्णांचा अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांची गुंगी रोज थांबवली जाई. एका गटाला पहिल्या काही दिवसांतच व्यायाम दिला गेला. रुग्णालयातून निघताना त्या गटातील ५९ टक्के रुग्ण स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकत होते, दुसऱ्या गटातील ३५ टक्के.

याचा अर्थ जितके जास्त तितके चांगले, असा नाही. २०२२ मध्ये ७५० रुग्णांच्या अभ्यासात, नेहमीपेक्षा अधिक जोमाने हालचाल करवल्याने वेगळा लाभ दिसला नाही. उलट नाडी, रक्तदाब, प्राणवायू यांचे बिघाड वाढले. म्हणून ही विद्या सावधगिरीची आहे. आधी रक्तदाब, प्राणवायू आणि नळी तपासायची. मग दुसऱ्याने हातपाय हलवायचे. नंतर पलंगाच्या कडेला बसवायचे. झेपले तर उभे करायचे.

वहिनींना आता मी एवढेच सांगेन: ती मुलगी यांना त्रास देत नव्हती. यंत्राने श्वास सांभाळला होता; घरी परतल्यावर लागणारे पाय ती सांभाळत होती.