वेठबिगार ते वर्गमित्र

‘रोबोट’ हा शब्द चेक भाषेतल्या ‘रोबोटा’वरून आला. त्याचा अर्थ वेठबिगारी. कारेल चापेक यांच्या १९२१ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात हे राबणारे रोबोट माणसांविरुद्ध बंड करतात. युद्ध हरलेल्या जपानमध्ये ओसामू तेझुका यांनी १९५१ साली मुलांच्या मासिकात वेगळाच रोबोट आणला, आतोमु. जगाला तो ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून ठाऊक आहे. अपघातात मुलगा गमावलेला शास्त्रज्ञ त्याच्यासारखा हुबेहूब रोबोट बनवतो, पण तो वाढत नाही म्हणून सर्कशीला विकून टाकतो. सुटकेनंतर आतोमु शाळेत जातो. माणसांची मुलं त्याचे वर्गमित्र होतात. बापाला गेलेला मुलगाच परत हवा होता. दोस्तांना आहे तो आतोमु चालला. दोस्ती आणि मालकी यांतला फरक मुलांना याहून सोपा कसा सांगणार?