घरापर्यंत पोचणारं सॉफ्टवेअर : ‘इन्स्टॉल’चा छोटा इतिहास

आजची सुरुवात आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीतल्या एका गोष्टीने करू. साधारण २००४-०५ चा काळ. घरी संगणक आलेला, त्यात विंडोज एक्सपी. युनिकोडमधला मराठी मजकूर उघडला की बऱ्याचदा जोडाक्षरं फुटलेली दिसायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर यायची. पुष्कळांनी त्यावरून ठरवून टाकलं, की संगणकाला मराठी जमत नाही.

खरं तर जमत होतं. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, भाषांच्या टॅबवर एका चौकोनात खूण करायची, मागितली की विंडोजची सीडी घालायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. एवढंच काम. पण त्या चौकोनाबद्दल सांगणार कोण? आणि सीडी तर संगणक जोडून देणाऱ्याकडेच राहिलेली!

आज आपल्याला जो मुद्दा बघायचा आहे तो इथेच आहे. प्रोग्राम तयार होणं वेगळं आणि तो साध्या माणसाच्या घरी चालू होणं वेगळं. मधली जी वाट आहे तिला आपण ‘इन्स्टॉल करणं’ म्हणतो. त्या वाटेवरचं ओझं कुणी उचलायचं – बनवणाऱ्याने, ऑपरेटिंग सिस्टिमने की वापरणाऱ्याने – याच प्रश्नाभोवती हा सगळा इतिहास फिरतो.

१९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने जावा जाहीर केली. घोषणा होती, एकदा लिहा आणि कुठेही चालवा. विंडोज, मॅक, युनिक्स, सगळीकडे तोच प्रोग्राम. कल्पना चांगलीच होती. पण ‘कुठेही’ या शब्दात एक अट लपलेली होती. त्या यंत्रावर आधी जावाचं रनटाइम हवं, आणि तेही योग्य आवृत्तीचं. ते आणायचं कुणी? वापरणाऱ्याने. त्यातच १९९७ मध्ये सन आणि मायक्रोसॉफ्ट कोर्टात गेले, ते थेट जानेवारी २००१ मध्ये तडजोड होईपर्यंत. कंपन्यांच्या सर्व्हरवर जावा घट्ट रुजली. घरातल्या संगणकावर मात्र ती बहुतेकांना ‘अपडेट करा’ म्हणणारी खिडकी म्हणूनच माहीत झाली.

आता उलट उदाहरण बघा. ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स १.० आला. तोही विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारा. पण त्यांनी सगळ्यांच्या हातात एकच पुडकं दिलं नाही. विंडोजवाल्याला त्याच्या सवयीचा ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’वाला इन्स्टॉलर, मॅकवाल्याला डिस्क इमेज, लिनक्सवाल्याला दाबून बांधलेली फाइल. विंडोजचा इन्स्टॉलर पाच एमबीच्या आत होता. डायल-अपवर थोडं थांबलं की उतरायचा, आणि दुसरं काही आधी आणून ठेवायला सांगायचा नाही. वर्षभरात दहा कोटी डाउनलोड झाले. म्हणजे आत कोड एक असला तरी दारात प्रत्येकाच्या बोलीत बोलावं लागतं.

प्रत्येक दाराची तऱ्हाही वेगळी. विंडोजवर अनेक प्रोग्राम एकाच सामाईक फोल्डरमधल्या डीएलएल फाइली वापरायचे. नव्या प्रोग्रामने तिथे स्वतःची आवृत्ती टाकली की जुना बंद पडायचा. याला ‘डीएलएलचा नरक’ असं नावच पडलं. १९९९ मध्ये ऑफिस २००० बरोबर विंडोज इन्स्टॉलर आला, तो या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी.

मॅकवर सगळा प्रोग्राम एकाच बोचक्यात. ओढून ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरमध्ये टाकला की झालं. यापेक्षा सोपं काय असणार? तरी माणसं तो डिस्क इमेजमधूनच चालवायची, आणि इमेज बंद केली की विचारायची, प्रोग्राम गेला कुठे!

लिनक्सने तिसरा मार्ग धरला. १९९० च्या दशकात डेबियनचं डीपीकेजी आणि रेड हॅटचं आरपीएम आलं. सामाईक लायब्ररी एकदाच ठेवायच्या आणि कुणाला काय लागतं याचा हिशोब यंत्रणेने ठेवायचा. फार शहाणी व्यवस्था. पण प्रत्येक डिस्ट्रिब्युशनचा हिशोब निराळा. २०१४ मध्ये डेबियनच्याच परिषदेत खुद्द लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी हे गाऱ्हाणं मांडलं. पाणबुड्यांच्या नोंदी ठेवणारा ‘सबसरफेस’ हा प्रोग्राम त्यांनी सुरू केलेला. त्याची तयार पॅकेजेस विंडोज आणि मॅकसाठी बनतात, लिनक्ससाठी जवळजवळ नाहीत, कारण तिथे प्रत्येक डिस्ट्रिब्युशनसाठी वेगळं पॅकेज करत बसावं लागतं. ज्याने लिनक्सचा कर्नल लिहिला त्याची ही तऱ्हा, तर बाकीच्यांचं काय?

यावर उत्तर निघालं ते असं, की लागेल ते सगळं बरोबरच बांधून द्या. २०१३ मध्ये गिटहबमध्ये सुरू झालेलं इलेक्ट्रॉन प्रत्येक प्रोग्रामबरोबर आख्खा ब्राउझरच पाठवतं. लिनक्सवर ॲपइमेज, स्नॅप, फ्लॅटपॅक हे याच विचाराचे. आपण प्रवासाला निघताना अंथरूण-पांघरूण, स्टोव्ह सगळं घेऊन निघावं तसं. अडत काही नाही, पण साध्या गप्पांच्या प्रोग्रामलाही शंभरेक एमबी लागतात. ओझं नाहीसं झालं नाही. ते आपल्या डिस्कवर आणि डेटा पॅकवर आलं.

आणि आता शेवटचा टप्पा. फुकटच्या इन्स्टॉलरमधून नको ते टूलबार, कधी सरळ व्हायरसच यायला लागले. तेव्हा दारावर राखणदार आले. २०१२ मध्ये ॲपलचं गेटकीपर आणि विंडोज ८ मधलं स्मार्टस्क्रीन. ओळख न पटलेला प्रोग्राम उघडला की इशारा येतो. राखणदाराची गरज होती, यात शंका नाही. पण मॅकवर इशारा न येता प्रोग्राम उघडावा तर बनवणाऱ्याला ॲपलचं वर्षाला ९९ डॉलरचं सदस्यत्व घ्यावं लागतं. समजा, एखाद्या शिक्षकाने मराठी शुद्धलेखनाचा छोटासा प्रोग्राम फुकट वाटायला केला, तर त्याने हे पैसे कुठून आणायचे? आणि न आणले, तर इशारा बघून घाबरलेला माणूस तो प्रोग्राम कचऱ्यातच टाकणार.

एक्सपीच्या काळात आपल्याला अडवणारी होती एक हरवलेली सीडी. ती निदान शेजाऱ्याकडून मागून आणता यायची. आजची किल्ली शेजाऱ्याकडे नाही, ती दोन-तीन कंपन्यांकडे आहे. इन्स्टॉल करणं सोपं झालं, हे आपण आनंदाने मान्य करू. फक्त कुठलंही बटण एका टिचकीत चाललं, की त्या टिचकीचं ओझं कुणी उचललं आणि त्याबदल्यात काय घेतलं, हे विचारायची सवय ठेवू.