बिनपंखी माशी आणि एक द्विधर्मी प्रथिन

आयुष्यभर शब्दांची व्युत्पत्ती शिकविणाऱ्याने या स्मृतिव्याख्यानासाठी कर्करोगाचा इतिहास निवडावा, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु मला या विषयाकडे ओढले ते ‘विंट’ या जोडनावाने. त्याचा पूर्वार्ध दिल्लीचा आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

सडक्या केळ्यांवर घोंगावणारी चिमुकली माशी आपण हाताने उडवून लावतो. भारतीय कृषी संशोधन संस्थेतील आर. पी. शर्मा यांनी १९७३ साली तिचा एक नवा वाण नोंदविला. त्यातील काही माश्यांना एक पंख नव्हता, काहींना दोन्ही नव्हते. म्हणून नाव ‘विंगलेस’. शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी १९७६ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. पंखाच्या जागी पाठीचाच भाग पुन्हा घडला होता. पंख गळला नव्हता. तो घडविण्याचा निरोपच पेशींना मिळाला नव्हता.

उत्तरार्ध सॅन फ्रान्सिस्कोचा. १९८२ मध्ये रोएल नुसे आणि हॅरॉल्ड वार्मस यांना उंदरांच्या स्तनातील गाठींत ‘इंट-१’ हे जनुक आढळले. विषाणू शेजारी येऊन बसला की ते अवेळी जागे होई. १९८७ साली उलगडले, की माशीचे ‘विंगलेस’ आणि उंदराचे ‘इंट-१’ मूलतः एकच! १९९१ मध्ये दोन्ही नावे जोडून ‘विंट’ झाले. त्यात शर्मांचे नाव नाही. त्यांची माशी मात्र आहे.

हा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत नेते बीटा-कॅटेनिन हे प्रथिन. ते शेजारच्या पेशींचा सांधा धरून ठेवते, आणि केंद्रकात जाऊन जनुकांना जागेही करते. एरवी पेशी हे मोकळे प्रथिन घडविते आणि लगोलग मोडते. निरोप आला की मोडणे थांबते. आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते ते याच्याच बळावर.

मोडण्याच्या कामी ‘एपीसी’ हे प्रथिन लागते. मोठ्या आतड्यात शेकडो कोंब उगवणाऱ्या आनुवंशिक विकाराचा शोध घेताना १९९१ साली त्याचे जनुक हाती आले. १९९३ मध्ये त्याचा बीटा-कॅटेनिनशी संबंध दिसला, आणि १९९७ मध्ये साखळी पुरी झाली : एपीसी बिघडले की बीटा-कॅटेनिन साचते, आणि निरोपावाचूनच पेशी वाढत राहतात. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत हाच बिघाड आढळतो.

मग निरोपच अडवावा, असे कोणीही म्हणेल. तशी औषधे रुग्णांवर अजमावली गेली, तेव्हा काहींची हाडे ठिसूळ झाली. कारण हाडांची घडणही याच निरोपावर चालते.