चांद्याचा पिंपळ

१८५७ च्या उठावाचा इतिहास सांगताना आम्ही मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी अशी नावे घेतो आणि तेथेच थांबतो. त्याच उठावाची एक ठिणगी चांद्याच्या अरण्यात पडली होती, याची आठवण आम्हांस सहसा होत नाही. आज त्या ठिणगीविषयी, आणि ती कोणाच्या हातांनी विझविली गेली त्याविषयी, बोलावयाचे आहे.

१८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने ते राज्य खालसा केले. त्याबरोबर चांद्याचा मुलूखही इंग्रजांच्या हाती गेला. या मुलखाच्या दक्षिणेकडील जंगलात गोंड जमीनदारांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अंमल होता. त्यांपैकी मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी १८५८ च्या मार्चमध्ये शस्त्र उचलले. गोंड आणि रोहिले यांची फौज जमवून त्यांनी राजगड परगण्यावर चाल केली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने फौज धाडली. पण जंगल ज्यांचे, वाटाही त्यांच्याच. एप्रिलअखेर प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर छापा पडला आणि गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. ज्या तारेने सरकारचा हुकूम क्षणात दूरवर पोचत असे, ती तारच या रानात सुरक्षित राहिली नाही.

बंदुकीने जे साधेना ते क्रिक्टनने दुसऱ्या मार्गाने साधले. त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांची मदत मिळविली आणि सप्टेंबरात बाबूराव पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यांना फाशी देण्यात आले. व्यंकटराव बस्तरात निसटले. पण १८६० मध्ये तेही हाती लागले आणि त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्या जमीनदारीतील सदुसष्ट गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

येथे आम्हांस पूर्वसमुद्रातील फिलिपाईन्स बेटांची आठवण होते. तेथील लोकांनी १८९६ मध्ये स्पेनविरुद्ध बंड केले आणि १२ जून १८९८ रोजी अगिनाल्दो यांनी स्वातंत्र्य पुकारले. पण त्याच डिसेंबरात स्पेनने ती बेटे दोन कोटी डॉलरला अमेरिकेच्या पदरात टाकली. बेटांवरील माणसांना कोणी विचारले नाही! पुन्हा युद्ध पेटले. अमेरिकन फौजेला अगिनाल्दो सापडत नव्हते. अखेर मार्च १९०१ मध्ये माकाबेबे गावचे देशी शिपाई त्यांच्याच कुमकेचा वेष घेऊन त्यांच्या गोटात शिरले, आणि ते पकडले गेले.

या दोन्ही कथांना फितुरी हे एकच नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. लक्ष्मीबाईंना आम्ही निर्दोष ठरवीत नाही. परंतु ज्या सरकारने नागपूरचे राज्य गिळले, त्याच्यापुढे एका जमीनदारणीची काय कथा? परकी सत्ता आधी घर घेण्याचे भय घालते, मग शेजाऱ्याचे घर देऊ करते. दोष माणसाचा असतोच. पण हा बाजार मांडणारा त्याहून मोठा दोषी असतो. फितुराला शिव्या देऊन आम्ही त्यालाच विसरतो.

अमेरिकेने फिलिपाईन्सला स्वातंत्र्य दिले ते १९४६ मध्ये, ४ जुलैला, म्हणजे आपल्याच स्वातंत्र्यदिनी! फिलिपिनो लोकांनी १९६२ मध्ये तो दिवस बाजूला सारून १२ जून हा आपला दिवस केला. दिलेल्या स्वातंत्र्यापेक्षा पुकारलेले स्वातंत्र्य त्यांना आपले वाटले.

चंद्रपूरच्या कारागृहातील एका पिंपळाशी बाबूरावांच्या फाशीची आठवण जोडलेली आहे. २१ ऑक्टोबरला लोक तेथे येऊन त्यांना वंदन करतात. बक्षिसाच्या सदुसष्ट गावांचा हिशेब दप्तरात राहिला. फाशी गेलेल्या त्या तरुणाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. चांद्याच्या इतिहासाचे पहिले पान उघडावयाचे असेल, तर ते आम्हांस त्या पिंपळाखालीच उघडावे लागेल.