उंची जास्त, फ्रेम छोटी : रोड बाइक स्वतःच्या मापाला कशी आणायची?

माझी उंची १८५ सेंमी. सेकंड-हँड घेतलेल्या रोड बाइकची फ्रेम ५४ ची. कंपन्यांच्या तक्त्यांत माझ्या उंचीसमोर बहुतेक वेळा ५६ किंवा ५८ लिहिलेलं असतं, पण किंमत बघून मी ते वाचलंच नव्हतं. पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत दोन रविवार गेलो आणि गुडघा पुढच्या बाजूने ठणकायला लागला. मग मोजमाप सुरू केलं. तुम्हीही अशीच सायकल घेऊन बसला असाल, तर खालचं वाचा आणि पाना नंतर हातात घ्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण माझी चूक इथेच झाली होती. सीट पायांसाठी असते, हँडल हातांसाठी. हँडल जवळ वाटतंय म्हणून सीट मागे ढकलायची नाही. आधी सीट पायांप्रमाणे लावायची, तिला नंतर हात लावायचा नाही, आणि मग उरलेलं सगळं हँडलकडे सोडवायचं.

सीटची उंची

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये धरा, कणा वरच्या बाजूला, आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं वर दाबा. जमिनीपासून कण्यापर्यंतचं अंतर म्हणजे इनसीम. त्याला ०.८८३ ने गुणा. ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. उत्तर येतं ते पॅडलचे दांडे जिथे फ्रेमला जोडलेत त्या मध्यबिंदूपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. माझा इनसीम ८८, म्हणून उत्तर ७७.७ सेंमी. सीट होती ७०.५ वर! गुडघा का दुखत होता ते कळलं. पुढून दुखणं हे बऱ्याचदा सीट खाली असल्याचं लक्षण असतं, मागून दुखणं जास्त वर असल्याचं.

सूत्र ही फक्त सुरुवात. खरी तपासणी फोनने करा. घोटा, गुडघा आणि खुब्याच्या हाडावर एकेक टिकली चिकटवा (आईकडून मागितल्या, प्रश्न बरेच आले). सायकल भिंतीला टेकवून मित्राला धरायला सांगा आणि पॅडल हळूहळू उलटं फिरवा. फोन साधारण सीट आणि पॅडलच्या मधल्या उंचीवर, सायकलला बरोबर काटकोनात, तीन मीटर लांब ठेवा. वाइड कॅमेरा वापरू नका, जवळून कोन वेडेवाकडे दिसतात. व्हिडिओ पॅडल सगळ्यात खाली असताना थांबवा आणि स्क्रीनवर कंपासपेटीतला कोनमापक ठेवा. गुडघ्याचा कोन १४५ ते १५५ अंशांच्या दरम्यान हवा. पॅडल खाली येताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर सीट जास्त वर गेली आहे.

इथे थांबा : सीटपोस्टवरची खूण

सीट वर करताना मला ३ सेंमी कमी पडत असतानाच दांड्यावरची कमीत कमी किती आत राहिलं पाहिजे ती रेघ बाहेर आली. ती रेघ सल्ला नाही, मर्यादा आहे. तिच्या पुढे गेलात तर तुमचं सगळं वजन लांब पहारीसारखं फ्रेमच्या वरच्या टोकावर येतं. नळी तडकू शकते किंवा दांडा चालत्या सायकलवर मोडू शकतो. "थोडंच बाहेर आहे" असं म्हणून चालवणारे मी पाहिलेत. कृपया नको.

माझा दांडा ३०० मिमीचा होता आणि रेघ तळापासून १०० मिमीवर, म्हणजे बाहेर फक्त २० सेंमी. लागत होते जवळपास २३. उपाय साधा: ३५० मिमीचा दांडा. पण जाडी तीच हवी. ती दांड्याच्या खालच्या भागावर कोरलेली असते, माझ्यावर २७.२ होती. २७.० आणि २६.८ पण मिळतात आणि ०.२ मिमीचा फरकसुद्धा चालत नाही.

आता एक भूमिती. सीटची नळी मागे झुकलेली असते, साधारण ७३ अंश. त्यामुळे सीट १ सेंमी वर गेली की जवळपास ३ मिमी मागेही जाते. माझी ७.२ सेंमी वर गेली, म्हणजे २ सेंमी मागे. लांब मांडीच्या माणसाला ते बऱ्यापैकी हवंच असतं. दांडे आडवे ठेवून पुढच्या गुडघ्यावरून दोरीला नट बांधून ओळंबा सोडा. तो पॅडलच्या अक्षाच्या आसपास पडला तर ठीक. हा नियम नाही, अंदाज आहे. मी रेल्सवर सीट फक्त ५ मिमी पुढे घेतली.

हँडल

सीट वर गेल्यावर हँडल तिच्यापेक्षा १२ सेंमी खाली गेलं. दहा किलोमीटरमध्ये तळहात बधिर.

पहिला उपाय फुकट आहे: स्टेम उलटा करणे. −६ अंशाचा १०० मिमी स्टेम उलटला की हँडल सुमारे २ सेंमी वर येतं, पण ६ मिमी जवळही येतं. जवळ येणं आपल्याला नको, म्हणून मी १२० मिमीचा घेतला. वरचे स्पेसर स्टेमखाली सरकवले, आणखी १ सेंमी मिळाला. एकूण फरक ८ सेंमीवर आला आणि पोहोच साधारण सेंटिमीटरभर वाढली. १३० च्या पुढचा स्टेम मी लावणार नाही; वजन पुढच्या चाकावर जातं आणि स्टीअरिंगचा स्वभाव बदलतो. आधीच्या मालकाने स्टीअरर ट्यूब आखूड कापली असेल तर स्पेसर वाढवता येत नाहीत. विकत घेण्याआधी हे बघा, मी नव्हतं बघितलं; माझ्या नशिबाने वर १ सेंमी शिल्लक होता.

स्टेम परत बसवताना क्रम चुकवू नका. आधी वरच्या टोपीचा बोल्ट हलकेच फिरवा. तो फक्त बेअरिंगची ढिलाई काढतो. पुढचं चाक हँडलच्या रेषेत आणा, मग बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळा, भागावर लिहिलेल्या आकड्याइतके (बऱ्याचदा ५ न्यूटन-मीटर). टॉर्क पाना नसेल तर दुकानात करून घ्या, विशेषतः कार्बन असेल तर. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर बाजूचे बोल्ट सैल करून परत पहिल्यापासून.

हे सगळं करूनही एक गोष्ट बदलली नाही: वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. छोट्या फ्रेममध्ये पुढचं चाक जवळच असतं, त्याला कुठला स्टेम उपाय नाही. चालू वेगात हँडल इतकं वळत नाही, पण सिग्नलवर यू-टर्न घेताना बाहेरचा पाय मागे ठेवायची सवय लावून घ्यावी लागली.

माझ्यापेक्षा पाच-सात सेंमी उंच असाल तर ५४ च्या फ्रेमवर हे पैसे घालू नका. १३० चा स्टेम उलटा लावूनही हात बधिर होत असतील, तर फ्रेम विका आणि पुढच्या जाहिरातीत विक्रेत्याला आकड्याऐवजी स्टॅक आणि रीच विचारा. ५४ हा आकडा प्रत्येक कंपनी वेगळ्या नळीवर मोजते, हे दोन मात्र सगळीकडे एकाच पद्धतीने मोजले जातात.