हुकूम, कलम ४ आणि पुण्याचा प्लेग (१८९७)

आज्ञापालनाचा विषय निघाला की वर्गात पहिले नाव हिटलरचे येते. ते सोयीचे असते, कारण ते दूरचे आणि परक्यांचे उदाहरण आहे. या टिपणात आपण जवळचे उदाहरण घेणार आहोत. येलहंक्याला आमच्या वर्गात बेळगाव-निपाणीकडची मराठी मुले बरीच असतात. रँडच्या खुनाची गोष्ट त्यांनी शाळेत ऐकलेली असते. खुनाच्या आधीचे तीन महिने मात्र फारसे कोणी वाचत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग जाहीर झाला आणि काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. कायदा जेमतेम चार कलमांचा. त्यातली शेवटची दोन कलमे शेजारी ठेवून वाचा. कलम ३ : सरकारी हुकूम मोडणाऱ्या नागरिकाला दंडसंहितेखाली शिक्षा. कलम ४ : या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. म्हणजे हुकूम मोडण्याची जबाबदारी व्यक्तीची, आणि हुकूम पाळताना झालेल्या नुकसानीची कोणाचीच नाही.

पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष होता वॉल्टर चार्ल्स रँड. १३ मार्च ते १९ मे या काळात मेजर पॅजेटच्या हाताखाली गोरे व देशी मिळून ८९३ अधिकारी आणि शिपाई या कामावर होते. कामाची वाटणी अशी, की एका तुकडीने घर तपासायचे, दुसऱ्यांनी रोग्याला इस्पितळात न्यायचे, आणखी कोणी घरच्या निरोगी माणसांना विलगीकरण छावणीत पोचवायचे, मागून येणाऱ्यांनी जमीन उकरून चुना मारायचा, संशयित सामान जाळायचे. घरच्यांच्या दृष्टीने एकाच दिवसात संसार उधळला जाई. शिपायाच्या दृष्टीने त्याने फक्त आपला तुकडा पुरा केलेला असे.

तक्रारी होत्या त्या बूट घालून देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरल्याच्या, बायकांना उघड्यावर उभे करून तपासल्याच्या, वस्तू गहाळ झाल्याच्या. हे करा असे कोणत्या हुकमात लिहिले होते? घर तपासण्याचा हुकूम होता, देवघर विटाळण्याचा नव्हता. तेव्हा 'शिक्षेच्या भीतीने केले' हे उत्तर इथे अपुरे पडते. माझ्या मते दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या ठरल्या. आपण शहर वाचवतो आहोत ही त्या माणसांची खात्री, ही पहिली. (ती सर्वस्वी खोटीही नव्हती, प्लेग खराच होता, आणि विलगीकरण हा उपाय लोकमान्य टिळकांनाही तत्त्वतः अमान्य नव्हता.) दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या तुकड्याबाहेरचे पाहण्याची कोणावरही नसलेली सक्ती.

अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मिल्ग्रॅमने १९६१ मध्ये सुरू केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. शिकणारा चुकला की त्याला १५ पासून ४५० व्होल्टपर्यंत चढता विजेचा झटका द्यायचा, असे सहभागींना सांगितले होते. झटके खोटे होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच मालिकेतले आणखी दोन आकडे पुण्यासाठी जास्त बोलके आहेत. बटण दुसऱ्याने दाबायचे आणि सहभागीने फक्त जोडकाम करायचे असे ठरवले, तेव्हा ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत राहिले. शेजारी बसलेले दोघे 'आम्ही करणार नाही' म्हणून उठले, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी ४ उरले.

पुण्यात असे उठणारे कोण होते? तक्रारी करणाऱ्या सरदार नातू बंधूंना रँडच्या खुनानंतर १८२७ च्या रेग्युलेशनखाली खटल्याविना अटकेत ठेवले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी विलायतेत शिपायांच्या अत्याचारांविषयी सांगितले. परत आल्यावर साक्षीला कोणी पुढे येईना, म्हणून त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. आणि स्त्रियांच्या अब्रूविषयी विश्वसनीय अशी एकही तक्रार आली नाही, याबद्दल खुद्द समितीच्या अहवालात समाधान नोंदवलेले आहे. तक्रार विश्वसनीय आहे की नाही हे ठरवणारे तेच, आणि जिच्याविरुद्ध तक्रार ती यंत्रणाही तीच! २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. तोवर सरकारी कागदात सगळे सुरळीत होते.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९८ मध्ये, प्लेग बेंगळुरूत आला. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्या वस्त्या त्या साथीनंतर वाढल्या, आणि शहरात प्लेग अम्माची देवळे आजही आहेत. २०२० मध्ये कोविडच्या वेळी देशभर वापरला गेला तो हाच १८९७ चा कायदा. त्या वर्षी त्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी नवी कलमे आली. कलम ४ तसेच राहिले.

पुढच्या तासासाठी : १८९७ साली कसबा पेठेतल्या एखाद्या बाईला झडतीविरुद्ध तक्रार करायची असती, तर ती कोणाकोणाच्या हातून कोठवर गेली असती, याची प्रवाह-आकृती काढा. तिच्या शेजारी आपल्या वसतिगृहातल्या तक्रारीची काढा. दोन्हींत तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर कोठे परत येते, तिथे लाल खूण करा.