स्कोडा: आडनाव एकाचं, गाडी दुसऱ्यांची

एमिल स्कोडा हे बोहेमियातले अभियंते. १८६९ साली त्यांनी प्लझेन गावातला यंत्रांचा कारखाना विकत घेतला आणि पोलाद, तोफा, अवजड यंत्रं यांच्या जोरावर तो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात नावारूपाला आणला. १९०० साली ते वारले. मोटारगाडी त्यांनी कधीच बनवली नाही.

गाडी बनवली ती म्लादा बोलेस्लावच्या दोघांनी. वात्स्लाव लॉरिन हा कसबी कारागीर, तर वात्स्लाव क्लेमेंटचं पुस्तकांचं दुकान. क्लेमेंटची जर्मन बनावटीची सायकल बिघडली. त्याने कंपनीला आपल्या चेक भाषेत तक्रार लिहिली. उत्तर आलं, की आम्हाला कळेल अशा भाषेत लिहा. चेक मुलखावर राज्य व्हिएन्नाचं आणि कारभारात तोरा जर्मनचा, असे ते दिवस. उत्तर झोंबलं. १८९५च्या डिसेंबरात दोघांनी सायकलदुरुस्तीचं दुकान थाटलं आणि लवकरच स्वतःच्या सायकली बनवायला घेतल्या. त्यांचं नाव ठेवलं ‘स्लाविया’. आपण स्लाव आहोत, हे त्यात ठणकावून सांगितलेलं होतं.

१८९९ साली त्यांच्या मोटारसायकली आल्या आणि १९०५ मध्ये पहिली मोटार, दोन सिलिंडरांची, ७ अश्वशक्तीची. तिच्यावर नाव होतं ‘लॉरिन अँड क्लेमेंट’. पहिल्या महायुद्धानंतर मात्र धंदा ओढगस्तीला लागला, त्यात १९२४ साली कारखान्याला आग लागली. भांडवलदार शोधणं भाग होतं. १९२५ मध्ये कंपनी प्लझेनच्या स्कोडात विलीन झाली आणि सासरचं आडनाव लागावं तसं गाड्यांना नवं नाव लागलं. पंख असलेल्या बाणाचं बोधचिन्हही सासरचंच. प्लझेनने ते १९२३ मध्येच नोंदवून ठेवलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने उद्योग ताब्यात घेतले आणि मोटारीचा कारखाना प्लझेनपासून वेगळा काढला. घर सुटलं तरी आडनाव राहिलं, कारण ग्राहक तोवर त्याच नावाने गाडी ओळखत होता. १९९१ साली फोक्सवॅगनने या कंपनीत भागीदारी घेतली आणि पुढे ती पूर्ण मालकीची केली. जर्मनांच्या उत्तराने दुखावून उभा राहिलेला धंदा असा जर्मनांच्याच हाती गेला.

महाराष्ट्रात स्कोडा आली ती २००१ साली, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात. पुढे चाकणच्या कारखान्यात जी सेडान तयार होऊ लागली, तिला कंपनीने त्या जुन्या सायकलीचंच नाव दिलं, स्लाविया.

आणि मूळ दोघे? स्कोडाच्या काही गाड्यांच्या सर्वांत महागड्या प्रकाराला आजही ‘लॉरिन अँड क्लेमेंट’ म्हणतात. एमिल स्कोडांचं नाव प्रत्येक गाडीवर मिळतं. ज्यांनी गाडी बनवली त्यांच्या नावासाठी वरचे पैसे मोजावे लागतात.